फुटपाथवरची डेटा टीम

लोकलमध्ये असाल तर एक इयरफोन कानात ठेवा आणि दुसरा काढून हातात घ्या. आजचा एपिसोड जरा लांब आहे आणि स्टेशन चुकलं तर शिव्या मला पडतील.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करते. फोनवर कुठलंही अ‍ॅप उघडा. जेवण मागवायचंय, बँकेत खातं उघडायचंय, सिमकार्ड घ्यायचंय. दोन-तीन स्क्रीन गेल्या की एक रकाना येतोच. पत्ता. शेजारी लाल फुली, म्हणजे हे भरलंच पाहिजे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि असले फॉर्म मी स्वतः बरेच बनवलेत. पत्ता रिकामा असेल तर 'पुढे' हे बटण दाबलंच जात नाही. त्यासाठी फार अक्कल लागत नाही, दोन-चार ओळींचा कोड पुरतो.

आता विचार करा, शहर हासुद्धा असाच एक मोठा फॉर्म आहे. पत्ता असेल तर रेशन कार्ड, रेशन कार्ड असेल तर बाकीची कागदपत्रं, कागदपत्रं असतील तर नळ, शाळा, मतदान, सगळं. आणि ज्याच्याकडे पत्ताच नाही, त्याच्यासाठी हा फॉर्म पहिल्याच पानावर अडकतो.

आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्या बायकांनी हा अडकलेला फॉर्म हाताने ढकलून पुढे नेला. लिहिता-वाचता येणाऱ्या त्यांच्यात मोजक्याच होत्या. कॉम्प्युटरचा तर प्रश्नच नव्हता. पण डेटा कसा गोळा करायचा आणि तो कोणाच्या हातात ठेवायचा, हे त्यांना आमच्यातल्या भल्याभल्यांपेक्षा जास्त कळत होतं.

चला तर मग, भायखळ्याला जाऊ. साल १९८१.

जुलै महिना, भर पावसाळा. तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या काढायच्या आणि त्या लोकांना आपापल्या मूळ गावी परत पाठवायचं. पाडकाम सुरूही झालं. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण सुप्रीम कोर्टात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणतात तो हाच. लॉ करणारा मित्र असेल तर विचारा, त्याला तोंडपाठ असेल.

निकाल आला १० जुलै १९८५ ला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, आणि त्यांच्या निवृत्तीला एकच दिवस उरला होता. कोर्ट म्हणालं की घटनेतल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम जवळ असतं, त्याला तिथून हलवलं की काम जातं, आणि काम गेलं की जगणं जातं. भारी वाक्य आहे, आजही जगभर वाचलं जातं.

पण पुढचा भाग फार कोणी सांगत नाही. त्याच निकालात कोर्ट असंही म्हणालं की फुटपाथवर घर करून राहायचा हक्क कोणालाच नाही. नोटीस द्या, पावसाळा जाऊ द्या, आणि मग काढा. तारीखसुद्धा दिली होती, ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर. पर्यायी जागा कोणाला मिळणार? तर ज्यांची १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद झाली होती आणि ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना.

म्हणजे बघा, मामला सगळा येऊन थांबला कुठे? यादीवर. नाव यादीत असेल तर तुम्ही मुंबईकर, नसेल तर अतिक्रमण. आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना त्या यादीत बहुतेक कोणी धरलंच नव्हतं. झोपडपट्टी म्हणून नाही आणि घर म्हणून तर नाहीच.

आता इथे आपल्या गोष्टीतली माणसं येतात.

१९८४ मध्ये मुंबईत स्पार्क नावाची एक छोटी संस्था सुरू झाली. शीला पटेल आणि त्यांचे काही सहकारी. आधी हे लोक नागपाड्याच्या एका सामाजिक संस्थेत काम करायचे. त्यांचं ऑफिस होतं भायखळ्याच्या महापालिका दवाखान्याच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये. हो, गॅरेज! अमेरिकेतल्या गॅरेजमधून निघालेल्या कंपन्यांच्या गोष्टी आपण पन्नास वेळा ऐकल्यात. भायखळ्याचं हे गॅरेज आपल्या किती जणांना माहीत आहे?

त्या गॅरेजमध्ये आजूबाजूच्या फुटपाथवरच्या बायका यायला लागल्या. सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, झुला मैदान, हा सगळा पट्टा. कोर्टाचा निकाल डोक्यावर टांगलेला होता. लोकांना वाटत होतं की नोव्हेंबर उजाडला की महापालिकेची गाडी येणार. तेव्हा स्पार्क आणि या बायकांनी ठरवलं की मोर्चा वगैरे नंतर बघू, आधी आपण किती जण आहोत ते मोजू.

आणि त्यांनी मोजलं. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० च्या आसपास माणसं. १९८५ मध्ये त्याचा अहवाल निघाला. इंग्रजी नाव होतं 'वी, द इनव्हिजिबल'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'आम्ही, न दिसणारे'.

त्या आकड्यांनी बऱ्याच समजुतींना सुरुंग लावला. शहरात तेव्हा सर्रास बोललं जायचं की फुटपाथवरचे लोक म्हणजे भिकारी, चोर, आजच आले आणि उद्या जातील. अहवालात दिसलं की बहुतेक जण काम करतात. हमाली, घरकाम, फेरीचा धंदा. कामाला चालत जातात, कारण बसचं भाडं परवडत नाही. कितीतरी कुटुंबं दहा-वीस वर्षांपासून त्याच जागी आहेत, मुलं तिथेच जन्मलीत. आणि मूळ गावं बघितली तर देशातले अगदी गरीब जिल्हे.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कोर्टाच्या निकालात 'पेव्हमेंट ड्वेलर' हा एक शब्द होता आणि या मोजणीनंतर त्या शब्दाला नावं मिळाली, कामं मिळाली, वय मिळालं. डेटा म्हटलं की आपल्याला वाटतं माणसाचा आकडा होतो. इथे आकड्यांमधून माणूस दिसायला लागला.

बरं, मोजलं, अहवाल आला. पुढे काय?

पुढे भेट झाली एका अफलातून माणसाशी. जॉकिन अर्पुतम. जन्म कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातला. तरुणपणी मुंबईत आला आणि ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीत राहू लागला. तिथे कचरा उचलायला कोणी यायचं नाही. तर या पठ्ठ्याने काय करावं? वस्तीतल्या पोरांना गोळा केलं, प्रत्येकाच्या हातात कागदात बांधलेला कचरा दिला आणि तो नेऊन महापालिकेच्या ऑफिसबाहेर टाकला. कस्टमर कम्प्लेंट थेट दारात! पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ती सगळी जनता कॉलनी उठवली गेली आणि लोकांना चिता कॅम्पला हलवलं. बरीच वर्षं लढून, कोर्टकचेऱ्या करूनसुद्धा वस्ती वाचली नाही.

जॉकिन तोवर नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन चालवत होते. त्या पराभवातून ते एक गोष्ट शिकले आणि आयुष्यभर सांगत राहिले. पाडापाडी झाल्यावर रस्त्यावर उतरून फार हाती लागत नाही. गाडी यायच्या आधी आपल्याकडे आपली यादी, आपला नकाशा आणि आपला पर्याय तयार पाहिजे. पुढे २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

तर स्पार्क, जॉकिनची फेडरेशन, आणि तिसरी बाजू म्हणजे भायखळ्याच्या या बायका. त्यांनी १९८६ च्या सुमारास स्वतःची संघटना काढली. नाव ठेवलं महिला मिलन. वेगवेगळ्या धर्मांच्या, वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या, घरात वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या बायका.

त्यांचं पहिलं काम होतं बचत. रोजची. रुपया, दोन रुपये, जमेल तेवढे. एक बाई रोज दारोदार जाऊन गोळा करायची. आता मला सांगा, जिला वाचता येत नाही तिला आपले किती पैसे जमा झाले हे कसं कळणार? पासबुक देऊन उपयोग नाही. तर त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. प्रत्येक रंग म्हणजे एक रक्कम. प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात तिचे रंग. पिशवी उघडली की हिशोब समोर. आमच्या क्षेत्रात यूजर इंटरफेस डिझाइन या विषयावर मोठमोठ्या कॉन्फरन्स होतात. मला विचाराल तर तिथे पहिली स्लाइड या पिशवीची असायला हवी.

आणि ते रोज दारात जाणं फक्त पैशासाठी नव्हतं. रोज गेल्यामुळे कळायचं की कोणाच्या घरी मूल आजारी आहे, कोणाचा नवरा मारतो, कुठे पोलीस येऊन गेले. पाच जणी मिळून पोलीस चौकीत जायला लागल्या. रेशन ऑफिसात जायला लागल्या. एकटी गेली तर हाकलून देतात, वीस जणी गेल्या तर बसायला सांगतात, हे शहाणपण त्यांना चांगलंच होतं.

दुसरं काम, घराचं डिझाइन. गंमत बघा, राहायला फुटपाथ आणि चर्चा कसली, तर आपलं घर कसं असावं. त्या जागा बघायला शहरभर फिरल्या. विकास आराखड्यात घरांसाठी राखून ठेवलेल्या जागा प्रत्यक्षात कुठे आहेत, रिकाम्या आहेत की तिथे भलतंच काही उभं राहिलंय, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं. सरकार म्हणायचं जागा नाही. या म्हणायच्या, चला दाखवतो.

मग त्यांनी घराचं खऱ्या मापाचं मॉडेल उभं केलं. बांबू, कापड, जे मिळेल ते वापरून. आत जाऊन बसायचं, झोपून बघायचं, चूल कुठे, मोरी कुठे, पाहुणा आला तर कुठे बसेल. त्यातून एक कल्पना निघाली, छत १४ फूट उंच ठेवायचं आणि अर्ध्या भागात पोटमाळा काढायचा. म्हणजे जमीन तेवढीच, पण जागा दीडपट. मुलं वर झोपतील, अभ्यास करतील. आणि आणखी एक विचार, संडास प्रत्येक घरात नको, थोड्या घरांना मिळून एक ठेवला तर घराचा खर्च कमी होईल आणि खोली मोठी राहील. इंजिनियर आणि सरकारी अधिकारी मॉडेल बघायला आले. अशी मॉडेलं पुढे इतकी गाजली की २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत त्यांनी घराचं आणि लहान मुलांच्या संडासाचं मॉडेल उभं केलं होतं आणि सरचिटणीस कोफी अन्नान ते बघायला आले होते.

भायखळ्यातल्या काहीशे कुटुंबांना शेवटी मानखुर्दला घरं मिळाली. वसाहतीचं नाव मिलन नगर. पण कधी? २००० नंतरच्या दशकात. म्हणजे मोजणीनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. जी मुलगी १९८५ च्या अहवालात पाच वर्षांची म्हणून नोंदली गेली असेल, ती घरात शिरली तेव्हा कदाचित स्वतःच्या लेकराला कडेवर घेऊन. बदल घडतो, पण त्याचा वेग हा असा असतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फुटपाथवाल्यांचं झालं, माझा काय संबंध? तर लोकलमध्ये बसलायत ना, मग हे ऐका.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या रेल्वेरुळांच्या अगदी कडेला हजारो झोपड्या होत्या. काही ठिकाणी इतक्या जवळ की दारातून हात काढला तर गाडीला लागेल. रुळाच्या ३० फुटांत वस्ती असेल तर गाडीचा वेग तासाला १५ किलोमीटरपर्यंत खाली आणावा लागायचा. म्हणजे झोपडीतलं मूल रोज जिवावर उदार आणि गाडीतला माणूस रोज ऑफिसला उशिरा. दोघांचा प्रश्न एकच होता, पण पिढ्यान्‌पिढ्या दोघं एकमेकांना शिव्या घालत होते.

जागतिक बँकेच्या मदतीने लोकल सुधारायचा प्रकल्प आला तेव्हा या झोपड्या हलवणं भाग होतं. तिथे फेडरेशनची पद्धत कामाला आली. लोकांनी स्वतः आपल्या वस्तीचा नकाशा काढला, झोपड्यांवर नंबर टाकले, यादी केली. ती यादी वस्तीत सगळ्यांसमोर लावली. कोणाचं नाव राहिलंय, कोणी खोटं नाव घुसवलंय, हे शेजारीच सांगणार! ऑफिसात बसून कितीही व्हॅलिडेशन लावा, शेजारणीएवढं कडक व्हॅलिडेशन जगात नाही. मग पन्नासेक घरांची एक सोसायटी असे गट केले, म्हणजे शेजारी शेजारीच राहतील. सुमारे ६०,००० माणसं अशी हलली आणि पोलीस बळाशिवाय हलली. भारतातल्या शहरांच्या इतिहासात ही साधी गोष्ट नाही. अर्जुन अप्पादुराई या मुंबईतच वाढलेल्या अभ्यासकाने या सगळ्या कामावर 'डीप डेमोक्रसी' नावाचा निबंध लिहिला आणि तो जगभर वाचला गेला.

बरं, नाण्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही जाहिरात होईल.

या पद्धतीवर टीकाही झाली. बरेच कार्यकर्ते म्हणाले की तुम्ही सरकारशी इतकं जुळवून घेता की हक्काचा लढा बाजूला राहतो. त्याच काळात आनंद पटवर्धनांनी 'हमारा शहर' ही डॉक्युमेंटरी केली, निवारा हक्कासाठी लोक रस्त्यावर उतरले. त्या मार्गाचंही मोल आहेच. आणि दुसरी गोष्ट, लोकांना जिथे हलवलं त्या इमारतींची अवस्था. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड बघा, गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड बघा. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. हवा नाही, ऊन नाही. तिथे क्षयरोगाचा प्रश्न गंभीर आहे आणि खालच्या मजल्यांवर तो जास्त आहे, हे डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवलंय. म्हणजे झोपडीतल्या बाईने पोटमाळ्याचा, उजेडाचा, शेजाराचा विचार केला होता, पण बिल्डिंग बांधणाऱ्याने चौरस फुटांचा केला. मोजणीत लोकांना घेतलं आणि डिझाइनच्या वेळी बाहेर ठेवलं, तर असं होतं.

आता संडासाबद्दल बोलू. जेवत असाल तर पाच मिनिटं पुढे ढकला!

याच बायकांनी पुणे आणि मुंबईत सार्वजनिक संडास बांधायची कामं घेतली. पुण्यात १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना महापालिकेने संस्थांना या कामात घेतलं आणि झोपडपट्ट्यांमध्ये शेकडो संडास उभे राहिले. महिला मिलनच्या बायका स्वतः कंत्राटदार झाल्या. आणि डिझाइनमध्ये काय बदललं ऐका. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. लहान मुलांसाठी वेगळी छोटी जागा, कारण सकाळच्या घाईत मोठी माणसं पोरांना रांगेतून बाहेर काढतात आणि पोरं मग गटारावर बसतात. दार दोन्ही बाजूंना उघडणारं, म्हणजे हातात बादली आणि कडेवर पोर असताना आत जाता येईल. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली. यातली एकही गोष्ट महाग नाहीये. फक्त रोज त्या रांगेत उभी राहणारी बाई ड्रॉइंगच्या टेबलावर हवी.

हीच गोष्ट पुढच्या पिढीने वेगळ्या प्रकारे केली. २०११ मध्ये मुंबईत 'राईट टू पी' ही मोहीम सुरू झाली. चेंबूरची कोरो ही संस्था आणि तिच्याबरोबर इतर बऱ्याच संस्था. पुढे होत्या त्या वस्त्यांमधल्याच कार्यकर्त्या. मुद्दा एकदम साधा. सार्वजनिक मुतारी पुरुषांना फुकट आणि बाईला मात्र पैसे. का? कारण बाई काय करायला आत गेली हे दारातल्या माणसाला कळत नाही, असं उत्तर मिळायचं. मग या बायकांनी वॉर्डावॉर्डात फिरून संडास तपासले. दाराला कडी आहे का, पाणी आहे का, दिवा आहे का, किती पैसे घेतात. परत तेच, आधी मोजा! यादी घेऊन महापालिकेत गेल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. आज महापालिकेच्या बैठकांमध्ये बायकांच्या मुतारीवर उघड चर्चा होते, त्यामागे त्या फेऱ्या आहेत. आणि काम संपलेलं नाहीये, हे या शहरात दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुली दिवसभर पाणी कमी पितात. हे मी आमच्या ऑफिसखाली पार्सल घेऊन येणाऱ्या मुलींकडूनच ऐकलंय.

तिसरं उदाहरण, विकास आराखड्याचं. शहरात पुढच्या वीस वर्षांत कुठे काय होणार हे ठरवणारा नकाशा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या, इतक्या हरकती आल्या, की दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करायला सांगितलं. त्याच्याही आधीपासून 'हमारा शहर मुंबई अभियान' या नावाखाली वस्त्यांमधले गट, संस्था, अभ्यासक बसून नकाशे वाचत होते. कारण २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के माणसं झोपडपट्टीत राहत होती आणि नकाशात त्या वस्त्या म्हणजे जवळजवळ कोरी जागा. आत शाळा, अंगणवाडी, दवाखाना, काही दाखवलेलंच नाही. या सगळ्या रेट्यानंतर जो आराखडा २०१८ मध्ये लागू झाला, त्यात बेघरांसाठी निवारे, नोकरदार महिलांसाठी घरं, आधार केंद्रं अशी आरक्षणं आली. कागदावर आली. जमिनीवर उतरवणं बाकी आहे.

आता जरा आपल्याकडे वळू. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या, बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांकडे.

'नागरिकांनी पुढाकार घेतला' ही बातमी वाचली की आपल्याला बरं वाटतं. पण कुठले नागरिक? आपल्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाही नागरिकांचा पुढाकारच आहे. तिथे काय चालतं? फेरीवाले हटवा, पुलाखाली झोपणारे हटवा, बाकावर कोणी आडवं होऊ नये म्हणून मध्ये लोखंडी दांडा लावा, फुटपाथवर मोठ्या कुंड्या ठेवा. दिसायला सुशोभीकरण, पण त्या कुंड्यांच्या जागी काल कोणीतरी झोपत होतं किंवा भाजी विकत होतं. आणि संध्याकाळी आपणच त्या भाजीवालीला शोधत फिरतो! २०१४ च्या फेरीवाला कायद्यात स्पष्ट लिहिलंय की शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. कायद्याला जे समजलं, ते आपल्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला अजून समजायचंय.

म्हणून माझ्यासाठी कसोटी एकच आहे. मोहीम नागरिकांची आहे ना, मग त्या निर्णयाने ज्याची जागा जाणार आहे, तो माणूस बैठकीत बसलाय का? बसला नसेल तर ती फक्त जास्त आवाज असलेल्या लोकांची मोहीम आहे.

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर धारावीकडे बघा. पुनर्विकासासाठी मार्च २०२४ पासून तिथे सर्वेक्षण सुरू झालं. घराघरावर नंबर, ड्रोन, लेसरने मॅपिंग, मोबाईल अ‍ॅप. टेक्नॉलॉजी एकदम टॉप. पण प्रश्न तोच, १९८५ मधला. यादीत कोण? १ जानेवारी २००० च्या आधीपासून तळमजल्यावर राहत असाल तर धारावीतच मोफत घर. नंतर आलात किंवा माळ्यावर राहत असाल तर धारावीबाहेर, आणि नियमही वेगळे. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांचं भविष्य एका तारखेवर आणि एका जिन्यावर ठरतंय. तो रकाना ज्याने डिझाइन केला, त्याच्यासाठी ती फक्त एक अट आहे. इफ आणि एल्स. माझ्यासारखीच कोणीतरी ते लिहीत असेल. त्यामुळे मी माझ्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींना मुद्दाम सांगतेय, आपण लिहितो त्या अटींमधून माणसं आत-बाहेर होतात. 'पत्ता' हा रकाना सक्तीचा करण्याआधी एकदा मीटिंगमध्ये विचारा, ज्याला पत्ता नाही त्याचं काय? एवढंच विचारा. कधी कधी तेवढ्यानेही रकाना बदलतो.

आणि ज्यांचा कोडशी संबंध नाही, त्यांच्यासाठी तीन छोटी कामं सांगते.

पहिलं, ओपनस्ट्रीटमॅप नावाचा खुला नकाशा आहे, कोणीही त्यात भर घालू शकतं. आपल्या भागातले सार्वजनिक संडास, पाणपोया, बेघरांचे निवारे त्यात आहेत का बघा. नसतील तर घाला. पण एक पथ्य पाळा. लोकांच्या झोपड्या त्यांना न विचारता नकाशावर टाकू नका. कुठला नकाशा कोणाच्या हातात कसा पडेल सांगता येत नाही. भायखळ्याच्या बायकांनी मोजणी स्वतः केली, कारण यादी कोणाकडे राहणार हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

दुसरं, जनगणना. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ची होतेय आणि मोबाईलवरून स्वतःची माहिती भरायची सोय आहे. तुम्ही दहा मिनिटांत भराल. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना, वॉचमन काकांना, बिल्डिंगच्या साइटवर राहणाऱ्या कामगारांना विचारा, तुमच्याकडे मोजायला कोणी आलं होतं का? नसेल तर त्यांच्याबरोबर बसून चौकशी करा. राहून गेलेल्या माणसासाठी पुढची दहा वर्षं ना रेशनचा हिशोब होतो ना शाळेचा.

तिसरं, सोसायटीच्या किंवा वॉर्डाच्या पुढच्या बैठकीत, जिथे कोणाला तरी हटवायचं ठरत असेल, तिथे एक हात वर करा आणि म्हणा, त्यांना बोलावूया का? लोक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. बघू द्या.

भायखळ्यात सोफिया झुबेर रोडला कधी गेलात तर फुटपाथवर आजही घरं दिसतील. सगळ्यांना मिलन नगर मिळालं नाही. पण त्या रस्त्यावरून जाताना एक लक्षात ठेवा. मुंबईची एक जबरदस्त डेटा टीम इथे बसायची, जमिनीवर, गोणपाट टाकून, आणि तिचा सगळा डेटाबेस रंगीत कागदांच्या पिशव्यांमध्ये होता.

आजच्यापुरतं एवढंच. एपिसोड आवडला असेल तर ज्याच्याशी तुमचं फेरीवाल्यांवरून भांडण होतं, त्यालाच पाठवा. तुमच्या भागात कोणी असं मोजायचं, मागे लागायचं काम करत असेल तर मला नक्की कळवा. त्यांची परवानगी असेल तर त्यांच्याच आवाजात ऐकू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, उतरायचं स्टेशन आलं असेल तर उतरा!